टॉन्सिल गेले, घोर लागला

"टॉन्सिलचं ऑपरेशन म्हणजे पोरांचा खेळ! थोडं आइस्क्रीम खायचं आणि सोमवारी ऑफिसात हजर!" असं श्रीनिवासनं सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. हा खेळ चाळिशीत खेळायचा नसतो, हे त्याला ऑपरेशननंतर कळलं. थुंकी गिळली तरी डोळ्यांत पाणी! कानसुद्धा ठणकायला लागले. त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, "बोलू नका, गुळण्या करू नका आणि रक्त दिसलं तर तडक या." तेव्हापासून बिचारा घडीघडी थुंकून निरखत बसायचा.

पुंडलिकनगरात कुणी आजारी पडलं की शेजारी बघायला येणारच. वरच्या मजल्यावरच्या मनकर्णाबाई तर मोबाइलचा टॉर्च लावूनच आल्या.

"आ करा भाऊ. अगं बया! समदं पांढरंफटक! पिकलं की हो हे!"

"खपली आहे ती. डॉक्टर म्हणाले, अशीच धरते," प्रमोदिनी नवऱ्याच्या वतीनं म्हणाली.

"डाक्टरला काय कळतंय? लई बघितलेत मी. हळदीच्या पाण्यानं गुळण्या करा, उद्या बोलाया लागताल!"

श्रीनिवासनं मान हलवली, हात हलवले. पण बाईंनी पेला तोंडाला लावलाच. वडीलधाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? आणि म्हणायचं तर कुठल्या तोंडानं!

प्रमोदिनीनं नुकताच बेसिनला साबण चोळला होता. त्या फेसात श्रीनिवास थुंकला. लालभडक!

"अहो, रक्त!" प्रमोदिनी किंचाळली.

"माय माय! म्या काय करून बसले गं!"

तिघांना घेऊन रिक्षा उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्याकडे सुटली. "भाभी, साब को बोलो गाडी में थूकना नै!" रिक्षावाल्याला आपल्या गाडीची काळजी. लेक कॉलेजातून येईपर्यंत आपण असू का, या विचारानं श्रीनिवासला हुंदका आला आणि हुंदक्यानं घसा आणखी पेटला. प्रमोदिनीचा हात त्यानं घट्ट धरला.

डॉक्टरांनी घसा बराच वेळ तपासला. "रक्ताचा थेंब नाही."

"मग बेसिन लाल कशानं झालं?"

डॉक्टरांनी श्रीनिवासच्या शर्टावरचे पिवळे डाग बघितले. "हळदीच्या गुळण्या? आणि बेसिनमध्ये काय होतं?"

"साबणाचा फेस..." प्रमोदिनीचा आवाजच बसला. हळदीला साबण लागला की डाग लाल होतो, हे दोघी जन्मभर कपडे धुताना बघत आलेल्या! मनकर्णाबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या.

श्रीनिवास मात्र आनंदानं टेबलावरून उतरला आणि चपला शोधू लागला. डॉक्टरांनी धीर द्यायला त्याच्या पाठीवर थाप मारली.

"पुन्हा गुळण्या नकोत. आणि आत्ताच कशाला घाबरता? मोठ्या माणसांना रक्त येतं ते खपली सुटताना, साधारण आठवड्यानं. तुम्हाला अजून वेळ आहे!"

एक चप्पल पायात घातलेला श्रीनिवास निमूटपणे पुन्हा टेबलावर जाऊन झोपला.