ओठ हलले म्हणून

शोधकबुवांनी माफीनाम्याचा कागद चष्म्याजवळ नेला, खिशातली लाल पेन्सिल काढली आणि पहिल्याच ओळीवर काट मारली.

"हे काय करताय?" व्यवस्थापक ओरडले. "सही करायचीय त्यावर! तपासायचं नाहीये!"

"'मी भर सभेत उद्धटपणे बोललो' असं लिहिलंय इथे. चूक आहे ते. मी बोललोच नाही. तीस वर्षं या छापखान्यात मुद्रितं तपासतोय साहेब, चुकीच्या मजकुरावर आजवर सही केलेली नाही."

"सत्तावीस माणसांनी ऐकलंय!"

"सत्तावीस माणसांनी पाहिलंय," बुवा म्हणाले. संतापाने त्यांचा चष्मा नाकावरून खाली येत होता. "ऐकलंय ते दुसऱ्याच कुणाचं तरी."

"शनिवारपर्यंत सही झाली नाही, तर सोमवारपासून गोदामात रद्दी बांधायला बसायचं," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी नवा कोरा माफीनामा पुढे सरकवला. जुना आता सही करण्याच्या लायकीचा राहिला नव्हता.

घडलं होतं ते असं. महिन्यापूर्वी आलेल्या या व्यवस्थापकांना वेळ वाचवण्याचा फार सोस. त्यासाठी ते आठवड्यातून तीनदा सगळी यंत्रं बंद करून सर्वांना मोठ्या दालनात जमवत आणि वेळ कसा वाचवावा हे तासभर सांगत. त्या दिवशी तास उलटून वर दहा मिनिटं झाली होती. शाळा उघडायला आठवडा राहिला होता, आणि शाळेची पुस्तकं शेजारच्या खोलीत सुट्या पानांच्या अवस्थेत पडून होती. तेवढ्यात दालनात स्पष्ट, खणखणीत आवाज उमटला :

"आटपा की आता! वेळ वाचवतोय म्हणे, आणि खातोय तास तास!"

वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. बोलला तो बाइंडर. पण बाइंडरच्या मिशा अशा काही भरघोस, की त्यांच्याआड तोंड असावं हा केवळ अंदाज होता. तो जेवतो यावरून लोकांनी बांधलेला. शिवाय दिवसभर कागद कापायच्या यंत्राच्या खडखडाटाशेजारी काम. त्यामुळे वीस वर्षं त्याचा सगळा व्यवहार हातवाऱ्यांवर चाललेला. त्याचा आवाज कसा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि त्याच्या नेमके पुढे बसले होते शोधकबुवा. बुवांना एक खोड होती. समोर लिहिलेलं काहीही दिसलं, की ते ओठ हलवत वाचायचे. आवाज नाही, नुसते ओठ. औषधाची बाटली असो, साबणाचं वेष्टन असो, स्वल्पविरामाला थांबून आणि पूर्णविरामाला श्वास घेऊन शेवटपर्यंत वाचणार. त्या क्षणी ते व्यवस्थापकांच्या मागे टांगलेल्या, वेळ वाचवण्याच्या नियमांच्या फलकावरचा सातवा नियम वाचत होते.

आवाज उमटला आणि सगळ्या माना वळल्या. व्यवस्थापकांचं तोंड धक्क्याने उघडं राहिलं होतं, म्हणजे ते स्थिर. सबंध दालनात हलत होतं ते एकच तोंड. आवाज कुठून आला हे कानांनी डोळ्यांना विचारलं, आणि डोळ्यांनी बेधडक सांगून टाकलं.

संध्याकाळी बुवांनी घरी हा अन्याय पायातल्या चपला न काढताच सांगितला.

"तू तरी विश्वास ठेव," ते बायकोला म्हणाले.

"कशावर? लग्नाला तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी धड बोललात, आणि तेसुद्धा नाकारताय?"

"अगं, मी नाही बोललो!"

"बरं, नाही बोललात. चहा घेता? दोनदा घ्या आज."

बायकोच्या चेहऱ्यावर अभिमान दिसत होता, म्हणून बुवांचा जीव जास्तच जळला. न केलेल्या पराक्रमाबद्दल दुसऱ्यांदा चहा पिणं हीसुद्धा एक प्रकारची खोटी सहीच होती. त्यांनी दुसरा कप परत केला.

शुक्रवारी त्यांनी बाइंडरला गाठलं. "माझ्या मागेच उभा होतास ना तू? आवाज मागून आला. कोण होतं?"

बाइंडरने दोन्ही हात पसरले, आभाळाकडे पाहिलं आणि कापायचं यंत्र सुरू केलं.

मग बुवा थेट व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. सोबत अक्षरजुळणीच्या बाईंना घेतलं होतं.

"साहेब, सिद्ध करून दाखवतो. सिनेमात आवाज भिंतीवरच्या खोक्यातून येतो. तरी आपल्याला वाटतं, पडद्यावरची बाईच बोलतेय. का? तर तिचे ओठ हलतात! तसंच झालंय माझं. आता या बाई माझ्या मागे उभ्या राहतील, तोंडापुढे फाइल धरून तेच वाक्य म्हणतील. मी नुसते ओठ हलवीन. आवाज कुठून आला ते तुम्ही सांगायचं."

बाई मागे उभ्या राहिल्या. फाइलीआडून त्यांनी वाक्य म्हटलं. मनात बरंच साचलेलं असल्यामुळे जरा जोरातच म्हटलं. बुवांनी ओठ हलवले.

व्यवस्थापक खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे तुम्हाला बायकी आवाजसुद्धा काढता येतो?"

"अहो, त्या बोलल्या!"

"माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही बोललात! तेच वाक्य, दुसऱ्यांदा, माझ्याच खोलीत!"

"मग डोळे मिटून ऐका ना एकदा!"

"मी डोळे मिटून कारभार करत नाही," व्यवस्थापक म्हणाले आणि माफीनाम्यात त्यांनी 'दोनदा' हा शब्द स्वतःच्या हाताने घातला.

शनिवारी सकाळी मालकीणबाई स्वतः छापखान्यात आल्या. शाळांची पुस्तकं का रखडली, हे त्यांना चार दारांवर चार जणांनी एकाच शब्दात सांगितलं : "सभा." पाठोपाठ माफीनाम्याची हकिगतही त्यांच्या कानावर आली. त्यांनी सर्वांना दालनात बोलावलं. सवयीने जो तो आपापल्या नेहमीच्या जागी जाऊन बसला. बाइंडर नेहमीसारखा भिंतीला टेकून, बुवांच्या मागे.

"यापुढे सभा बंद," मालकीणबाई म्हणाल्या. व्यवस्थापकांनी फलकाकडे पाहिलं. "मला हे आधीच कळायला हवं होतं. पण सांगायची हिंमत एकाच माणसाने केली, आणि त्याच्यापुढे तुम्ही माफीनामा ठेवलात! त्यांना मी खिडकीजवळची मोठी खोली देतेय. हे पत्र." आणि त्यांनी ते बुवांच्या हातात ठेवलं.

वीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत काढलेल्या बाइंडरने 'खिडकी' हा शब्द ऐकला, आणि त्याच्या मिशा थरथरल्या.

बुवांच्या हातात लिहिलेला कागद आला होता. ते वाचू लागले. 'आपण, भर सभेत, निर्भयपणे बोललात' – पुन्हा तीच चूक! संतापाने त्यांचे ओठ भराभर हलू लागले.

"बाई, मी! मीच बोललो होतो ते!" खणखणीत आवाज घुमला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा, शेवटी कबूल केलंत," मालकीणबाई हसून म्हणाल्या.

बुवा ताडकन उठले. "अहो, मी नाही!"

"मी!"

"मी नाही हो!"

"मीच!"

"यांचं अजून ठरत नाहीये," व्यवस्थापक कडवटपणे म्हणाले.

बुवांनी पत्र टाकून दिलं, दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं आणि सगळ्यांकडे विजयाने पाहिलं. मागून रागाने कापणारा आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा :

"अहो, आंधळे आहात का सगळे? मी बोललो! मी!"

दालन थक्क होऊन बुवांकडे बघत राहिलं.

"कमाल आहे," मालकीणबाई हळूच म्हणाल्या. "तोंड दाबून धरलं तरी किती स्पष्ट बोलतात!"