झऱ्याची निवडणूक

बाळांनो, मांडी घालून बसा आणि ऐका. ग्रीस देशातल्या एका जंगलात ऑलिव्हची झाडं फार आणि पाणी थोडं होतं. झरा एकच. राज्य रानडुकरांच्या पक्षाचं, त्यामुळे झराही त्यांचाच. शेळ्यांना तिथं मज्जाव होता.

बांडी नावाच्या शेळीची म्हातारी आई यामुळे हैराण झाली होती. दूरच्या ओढ्यापर्यंत जायला तिचे पाय साथ देत नव्हते.

अशात निवडणूक आली आणि माद्यांना पहिल्यांदाच मताचा हक्क मिळाला. मत म्हणजे ऑलिव्हची एक बी, आपल्या पक्षाच्या मडक्यात टाकायची. बांडी नटूनथटून निघाली.

"मी सांगतो त्याच मडक्यात टाक," तिचा नवरा बोकड म्हणाला. "तुला यातलं काय कळतं?"

"इतकी वर्षं तुम्हीच टाकत होता ना? तेव्हाच तर झरा गेला."

बोकडाला एकदम दाढी खाजवायची आठवण झाली.

निवडणूक-अधिकारी होते साळिंदरपंत. नियम डुकरांनी केलेला, पंत तो नुसता वाचून दाखवत. डोंगरावर दहा जागा आणि किनाऱ्यावर दहा. डोंगरावर शेळ्या जास्त, तर तिथल्या जागा मतांच्या प्रमाणात वाटायच्या. किनाऱ्यावर डुकरं जास्त, तर तिथं जो जिंकेल त्याला दहाच्या दहा.

"असं का?" बांडीनं विचारलं.

"दोन्हीकडचं हवामान वेगळं आहे," पंत म्हणाले.

मतदान झालं. पंतांनी चष्मा पुसून निकाल वाचला. डोंगरावर शेळ्यांना सातशे मतं, डुकरांना तीनशे. किनाऱ्यावर डुकरांना पाचशेवीस, शेळ्यांना चारशेऐंशी.

"म्हणजे डुकरांच्या जागा तेरा, शेळ्यांच्या सात. सरकार डुकरांचं."

"पण पंत, एकूण मतं आमची जास्त झाली ना?" बांडी म्हणाली.

"तीनशेसाठांनी जास्त. त्याबद्दल अभिनंदन, बांडीताई."

"आणि झरा?"

"तो त्यांच्याकडेच राहील."

खरं सांगतो बाळांनो, हे सांगताना मला अजून राग येतो.

संध्याकाळी शेळ्यांची निषेध सभा भरली. बोकड दगडावर चढला. "बंधुभगिनींनो, नियमात वाईट काही नाही. तो फक्त उलटा लागलाय. पुढच्या खेपेला डोंगरावर दहाच्या दहा आणि किनाऱ्यावर वाटणी, हीच आपली मागणी."

सगळ्यांनी खूर आपटून पाठिंबा दिला. पुढच्या खेपेपर्यंत झरा आपल्याकडेच राहतोय, म्हणून डुकरांनाही मागणी विचार करण्याजोगी वाटली, असं म्हणतात.

"आणि तोवर आईनं काय प्यायचं?" बांडीनं विचारलं.

"तुझं आपलं पाणी, पाणी," बोकड वैतागला. "इथं तत्त्वाचा प्रश्न आहे."

बांडीनं आईला आधार दिला आणि दोघी हळूहळू ओढ्याच्या वाटेला लागल्या. सभा रंगात आली होती, त्यामुळे त्या गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तात्पर्य : मत जरूर द्या, प्रत्येक मत मोजलं जातं. पाण्याची सोय मात्र आपली आपण पाहावी.