व्यंकटमामांचं रविवारचं दुःख

व्यंकटमामा सोनकांबळे दर रविवारी दुपारी चार वाजता दुःखी होतात आणि पावणेपाचला चहा टाकतात. मधल्या वेळात त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, फाटकाची कडी वाजवायची नाही, आणि फोन मुख्यमंत्र्यांचा आला तरी तो उचलला जात नाही. एरवी इतका आनंदी माणूस आमच्या लातूरच्या कॉलनीत शोधून सापडायचा नाही. भाजीवाल्याशी हसतात, कुत्र्याशी हसतात, लाइटबिल वाचून हसतात. पण रविवारी चार वाजले की मामा पांढरा स्वच्छ शर्ट घालून व्हरांड्यातल्या खुर्चीत बसतात, डोळे मिटतात आणि रीतसर दुःखाला सुरुवात करतात.

हे दुःख बाईंचं असतं. बाई म्हणजे एक जुन्या गायिका. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही, कारण मामा स्वतःच ते कधी घेत नाहीत. नुसतं 'बाई' म्हणतात, आणि ते अशा आवाजात की बाई आतल्या खोलीत पोळ्या लाटत असाव्यात. बाईंनी तरुणपणी एकदा मोठा ऑर्केस्ट्रा घेऊन आठ गाणी गायली. आठही विरहाची. एकात तो येत नाही, एकात येऊन जातो, एकात पत्रसुद्धा येत नाही. या आठ गाण्यांपलीकडे मामांना संगीतातलं काहीही आवडत नाही. त्याच बाईंची आनंदी गाणीसुद्धा नाहीत. तिकडं बाई उगाच हसून राहिली, असं त्यांचं मत आहे.

मी बदली होऊन या कॉलनीत आलो तेव्हा मला वाटलं, माणसाच्या काळजात काहीतरी मोठं मोडलेलं असणार. दोन-तीन रविवार ऐकून घेतल्यावर मी धीर करून विचारलंच. मामांना माझी कीव आली. म्हणाले, "न्हाई हो सर. माझं कोणासंगं काहीच तुटलं न्हाई. पहिल्याच पोरीला हाव म्हणलो, तिच्यासंगंच जलम गेला. आपल्याला कुठं एवढं टापटिपीचं दुःख झालं? दुःख असावं तर असं, वीस व्हायोलिनचं."

त्या वीस व्हायोलिनांची आता चाळीस झाली आहेत. दरवर्षी दोन-चार वाढतात.

मामांची सगळी नोकरी उदगीरच्या एका डाळमिलमध्ये झाली. मशीन दुरुस्तीचं काम. तरुण असताना मालकानं त्यांना एकदा मशीनचा पट्टा आणायला नांदेडला पाठवलं. पट्टा खांद्यावर टाकून मामा बसस्टँडकडं निघाले होते, वाटेत कॅसेटच्या दुकानात बाई लागल्या होत्या. मामा उभे राहिले. एक बाजू संपली, दुकानदारानं दुसरी लावली. शेवटची बस गेली. इकडं उदगीरला मिल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद. मालकानं जाब विचारला तेव्हा मामांनी खरं तेच सांगितलं, की गाणं संपलं नव्हतं. मालकानं बरंच काही ऐकवलं, पण मामांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या खिशात ती कॅसेट होती आणि घरी टेप नव्हता. टेप वर्षभरानं आला.

"मग वर्षभर कॅसेटचं काय केलं?" मी विचारलं.

"काय करायचं? मिलमधी मशीन चालू असली की काहीच ऐकू येत न्हाई. तवा मी बाईलाच ऐकायचो. नांदेडला एकदा ऐकलंवतं की सगळं. मशीनच्या आवाजात लई साफ ऐकू येती बाई."

मला ही त्या वेळी नुसती गंमत वाटली होती.

बाईंच्या गाण्याबद्दल मामांचा एक सिद्धान्त आहे आणि तो ऐकल्याशिवाय त्यांच्या व्हरांड्यात चहा मिळत नाही. सिद्धान्त असा, की बाई रडतच नाहीत. "नीट ऐका सर. बाई फक्त सांगून राहिली. रडाया ती चाळीस माणसं ठिवलीत पगारावर. आपण सोता रडलो की सांगायचं राहून जातं." याचा सगळ्यांत मोठा पुरावा म्हणजे सहावं गाणं. त्यात व्हायोलिनं अशी चढत जातात की आता काहीतरी फुटणार असं वाटतं, आणि एकदम सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो. काहीच वाजत नाही. त्या शांततेत मामांचं बोट वर जातं. मग बाई एकट्याच, कुठल्याही वाद्याशिवाय, एक ओळ म्हणतात, आणि पहिल्या शब्दाला मामांचं बोट खाली येतं. इतक्या वर्षांत ते बोट कधी आधी आलं नाही की मागं राहिलं नाही. मग मामा "वा" म्हणतात. तेवढंच म्हणतात.

ऐकायला येणाऱ्यांसाठी नियम आहेत. बरोबर गुणगुणायचं नाही. ताल धरायचा नाही. कुरकुरीत काही खायचं नाही. एकदा माझ्या बायकोनं हौसेनं चिवडा पाठवला होता, तो मामांनी माझ्या हातून काढून घेतला आणि त्याऐवजी मला केळं दिलं. दुःखात केळं चालतं. शिराही चालतो, पण बेदाणे काढून.

स्वतःच्या आवडीबद्दल माणसाला इतकी खात्री असली की धोका होतोच. मुरुडला त्यांच्या पुतण्याचा साखरपुडा होता आणि कोणीतरी दुर्बुद्धीनं लाउडस्पीकरचं काम मामांवर सोपवलं. मामांनी पाहुणे आल्या आल्या बाई लावल्या. तिसऱ्या गाण्याला मुलीच्या मावशीनं डोळ्यांना पदर लावला. ती का रडते म्हणून बाकीच्या बायका रडल्या. आत काय झालं म्हणून मुलाकडची माणसं ताटं सोडून उठली आणि मुलगी ठीक आहे ना, याची चौकशी सुरू झाली. पुतण्यानं येऊन वायर उपटली. मामांना आजही यात आपलं काय चुकलं ते कळलेलं नाही. एवढा मोठा ऑर्केस्ट्रा दुसऱ्या कोणाच्या कार्यात वाजला असता का, एवढंच ते विचारतात.

मामांच्या या रविवारांना एकच कायमचा विरोधी पक्ष आहे. पलीकडच्या घरातल्या बिराजदारकाकू. मधली भिंत छातीएवढी. चार वाजून दहा मिनिटांनी काकूंचं डोकं त्या भिंतीवर उगवतं आणि आरोळी येते, "अय्यो मामा, आवाज कमी करा की वो." मामा डोळे न उघडता हात लांब करतात, बटण थोडं डावीकडं फिरवतात. काकू खाली जातात. बटण परत उजवीकडं येतं. मी आल्यापासून तरी हे असंच चालू आहे.

मामी गेल्या त्यानंतर बरेच महिने गाण्याचं मशीन बंद होतं. घरात माणसं असून घर गप होतं. मामा त्या दिवसांबद्दल बोलत नाहीत, फक्त एकदा म्हणाले, की खऱ्या दुःखात कोणी काही वाजवत नाही, लई भ्या वाटतं. एका रविवारी काकूंनी भिंतीवरून विचारलं, मशीन कायमची बिघडली काय. मामांना वाटलं, काकूंना आनंद झालेला दिसतो. त्यांनी त्याच दुपारी मुद्दाम आवाज वाढवून आठही गाणी लावली, आणि काकूंनी मुद्दाम आरोळी ठोकली.

आता खरी अडचण सांगतो. मामांचे कान गेले आहेत. डाळमिलनं ते हळूहळू नेले. पुण्याच्या मुलानं कानाचं मशीन आणून दिलं आहे, त्यावर बोलणं बरं ऐकू येतं. पण बाईंना मशीनमधून ऐकायला मामा तयार नाहीत. त्यातून व्हायोलिन पत्र्यासारखं येतं म्हणतात. म्हणून चार वाजता ते मशीन काढून स्टीलच्या वाटीत ठेवतात आणि आवाज वाढवतात. दरवर्षी थोडा जास्त. आता बटण पुढं जायला जागा उरलेली नाही. डॉक्टरांनी समजावलं तर मामांनी त्यांनाच विचारलं, की शेजारची बाई भिंतीवरून ओरडते ते मला बिनामशीनचं ऐकू येतं, मग कान गेले कसे? काकूंची आरोळी एकदा ऐकली असती तर डॉक्टरांना उत्तर सुचलं असतं.

मुलगा चांगला आहे. पुण्यात त्यानं वडिलांसाठी खोली तयार ठेवली आहे आणि दर सणाला बोलावतो. मामा टाळत होते. शेवटी गेल्या दिवाळीत मुलाला सगळ्यांसमोर शब्द दिला. "ज्या दिवशी बाई ऐकू येयाची न्हाई, त्या दिवशी ही गाण्याची मशीन भंगारात घालतो आन तुझ्याकडं येतो. तोवर मला हलवू नको." मामा दिलेला शब्द फिरवत नाहीत, हे कॉलनीला माहीत आहे. त्या संध्याकाळी काकू लगेच उठून घरी गेल्या. मलाही जेवण गेलं नाही. ज्या आवाजाबद्दल आम्ही सगळे कुरकुर करत होतो, तो बंद झाला तर रविवारी करायचं काय, हा विचार कोणी आधी केलाच नव्हता.

मागच्या महिन्यातली गोष्ट. थंडीचे दिवस, पंखे बंद. मी मामांच्या शेजारी केळं घेऊन बसलो होतो. मामांचं मशीन वाटीत, डोळे मिटलेले. पाच गाणी झाली. सहावं सुरू झालं. व्हायोलिनं चढत गेली, चढत गेली आणि थांबली. मामांचं बोट वर गेलं.

मामांचं बोट खाली आलं. मामा म्हणाले, "वा."

पण बाई आल्याच नव्हत्या. मी गाण्याच्या मशीनकडं बघितलं. त्यावरचा लाल दिवा विझलेला होता. आतल्या फ्रीजची घरघर थांबली होती. नेमकी त्या शांततेतच लाइट गेली होती. आणि मामा मान हलवत होते. व्हायोलिनं परत येतात तिथं त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर हलली. व्हरांड्यात काहीही वाजत नव्हतं.

मामांना बाई ऐकू येत नव्हत्या. कदाचित कितीतरी रविवारांपासून येत नसाव्यात. हात लावून सांगावं, तर दिलेला शब्द आणि पुण्याची खोली. न सांगावं, तर गाणं संपल्यावर ते दिवा बघणारच.

तेवढ्यात भिंतीवर काकू आल्या. लाइट गेली म्हणून त्यांचा टीव्ही बंद पडला असणार आणि आमच्याकडंही गेली का, ते बघायला त्या आल्या असणार. त्यांनी विझलेला दिवा बघितला. मामांची हलणारी बोटं बघितली. मग माझ्याकडं बघितलं. काकूंचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मी तोंड उघडणार, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पदर नीट केला, भिंतीला दोन्ही हात टेकले आणि सगळी ताकद लावून ओरडल्या, "अय्यो मामा, आवाज कमी करा की वो. डोकं उठलं."

मामांनी डोळे न उघडता हात लांब केला आणि बटण थोडं डावीकडं फिरवलं. काकू खाली गेल्या. भिंतीपलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

सातवं गाणं झालं, आठवं झालं. मी केळं हातात धरून बसून होतो. शेवटी मामांनी डोळे उघडले, वाटीतलं मशीन कानात घातलं आणि सवयीनं बटण बंद करायला हात नेला. हात तिथंच थांबला. लाल दिव्याकडं त्यांनी बराच वेळ बघितलं.

"लाइट कवा गेली, सर?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हणालो, मघाशी. सहाव्या गाण्यात.

बटणावरची धूळ मामांनी शर्टाच्या बाहीनं पुसली. मला पुण्याचा टेम्पो दारात उभा दिसायला लागला. मग ते भिंतीकडं बघून हळूच हसले, भाजीवाल्याशी हसतात तसंच.

"पण बाई तर शेवटपर्यंत गायली," ते म्हणाले. "मिलमधी गायची तशीच. एक शब्द इकडचा तिकडं न्हाई." ते चहा टाकायला उठले. दारात पोचल्यावर वळून म्हणाले, "काकूला सांगा, आवाज कमी केलाय म्हणून. आन म्हणावं, पुढच्या रविवारी बी वरडा."