जनूचा पाय कोणत्या कायद्यात बसतो

पाय तुटायला क्षण पुरतो. तो कोणत्या कायद्याखाली तुटला, हे ठरवायला मात्र थंड डोकं लागतं. (शक्यतो पाय दुसऱ्याचा असावा.)

रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या कासू गावच्या जनूने हा विचारच केला नव्हता. सुपरवायझर म्हणाला, "समोरच्या गोडाऊनातून ड्रम आण," आणि हा निघाला. मध्ये रस्ता, रस्त्यावर रिव्हर्स घेत मागे येणारा टँकर. (मागे बघायला क्लीनर असतो. तो चहाला गेला होता.) जनूचा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

अशा माणसासाठी आपल्याकडे एक नाही, चांगले दोन कायदे आहेत. कामगार-भरपाईत पैसे कंपनीचे, आणि चूक कोणाची, हे विचारत नाहीत. कामावर असताना लागलं, एवढं पुरे. पायाचा हिशोब तक्त्यात छापलेला. दुखण्याचा नाही, कारण दुखणं रकान्यात मावत नाही. रस्त्यावरच्या अपघाताच्या दाव्यात पैसे टँकरच्या विम्याचे, आणि दुखणंही मोजतात. फक्त चूक टँकरची होती, हे सिद्ध करावं लागतं. दोन्ही दरवाजे सताड उघडे. जायचं मात्र एकातूनच, लंगडत का होईना.

पेणच्या दवाखान्यात कंपनीचे कामगार-कल्याण अधिकारी शहाळं घेऊन आले. "वहिनी, रस्त्याचा दावा करा. दुखण्याचीसुद्धा भरपाई मिळते!" ते गेले आणि टँकरच्या विम्याचे साहेब आले, तेही शहाळं घेऊन. "ताई, कामगार-कायदाच धरा. चूक सिद्ध करायची कटकट नाही!" दुसऱ्याच्या कायद्यावर इतकं निर्मळ प्रेम हल्ली कुठे दिसतं?

जनूची बायको चंद्रावती म्हणाली, "सायेब, दोनी कायदे येवढे चांगले हायत, तर तुमी आपापला का नाय देत?" साहेबांना मीटिंग आठवली.

तिला हवा होता एक नकली पाय. तो बसला तर जनू पुन्हा कामाला उभा राहणार होता. नाही तर घरात खाणार काय? ती कंपनीत गेली. ठेकेदार म्हणाला, जनू त्या दिवशी कामावरच नव्हता. (ड्रम त्याने हौसेने आणला असावा.) टँकरवाला म्हणाला, तोच चाकाखाली धावला.

म्हणजे कोणताही कायदा धरा, साक्षीदार लागणार. अपघात झाला तेव्हा शिफ्ट सुटण्याची वेळ, रस्ता माणसांनी भरलेला. जनूच्याच पाळीतले शरीफभाई म्हणाले, "वैनी, मी पोचलो तवा झालेलं व्हतं." आमच्या पाहणीनुसार शंभरातले शंभर जण नंतरच पोचले.

कोणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ मात्र अपघाताच्या आधीपासूनचा आहे. गोडाऊनकडे दाखवणारा सुपरवायझरचा हात, ड्रम, टँकर, जनू, सगळं स्वच्छ दिसतं. पेणपासून रोह्यापर्यंत तो मोबाईलमोबाईलवर फिरला, खाली हात जोडल्याची चित्रं. चंद्रावतीचे वकील म्हणाले, व्हिडिओ काढणाऱ्याने कोर्टात येऊन साक्ष दिली, तर काम होईल.

म्हणून चंद्रावती एकेकाला विचारत निघाली आहे, "तुमाला कोनी पाठवला?" जिते गाव झालं, पेण झालं. जो तो म्हणतो, "डिलीट झाला गो."

तुम्हालाही आला होता. शेवटपर्यंत पाहिलात, हळहळलात, पुढे चौघांना पाठवलात. कोणी पाठवला होता, तेही तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

दारात ती उभी आहे. उठा की, तुमचे तर दोन्ही पाय शाबूत आहेत.