बुटासकट पाय

सांगून कुणाला पटणार नाही, पण कंबोडियातल्या बात्तंबांगच्या सारूनने मुलीच्या लग्नात, भंतेंच्या देखत, घरात बूट घातला होता. तोही एकाच पायात!

दुसरा पाय अनवाणी होता, कारण तो आईने दिलेला. बूट होता डाव्या पायात. तो पाय सुरुंगाने नेला होता आणि त्या जागी कृत्रिम पायांच्या केंद्रातल्या परदेशी इंजिनिअरने नवा बसवला होता. पाय देखणा, नखंसुद्धा कोरलेली. फक्त तो टाचेच्या बुटासाठी बेतलेला. बूट काढला की टाच खाली जायची, गुडघा मागे रेटला जायचा आणि सारून उताणा. तक्रार घेऊन गेला तर इंजिनिअर हसून म्हणाला, "सोपं आहे. घरात घालायला वेगळे बूट ठेवा."

"साहेब, आमच्याकडे घरात बूट घालून फक्त पोलीस येतात."

"मग नवीन पाय पुढच्या वर्षी."

लग्न तर तोंडावर आलेलं. त्यात नवरदेवाची आई थिदा भर बाजारात बोलून गेली होती, "पोर गुणाची आहे हो. पण वरातीला दारात सामोरं कोण येणार? बापाच्या कुबड्या?"

तेव्हापासून सारूनने हट्टच धरला. दारात उभा राहीन, कशालाही न टेकता.

"बसून स्वागत केलंत तर आभाळ कोसळणार आहे का?" बायको नारी म्हणाली.

"माझं काय जातंय? पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

लग्नाच्या सकाळी त्याने अनवाणी उभं राहून पाहिलं आणि पाठमोरा थेट भाताच्या वड्यांच्या परातीत बसला.

"आता पाहुण्यांना काय वाढू?" नारी कडाडली. "तुमची पाठ?"

तेवढ्यात ढोल वाजला. सारूनने बूट चढवला आणि जिन्यावरच्या दारात ताठ उभा राहिला. वऱ्हाडी खाली चपला काढून फळांची तबकं घेऊन वर आले. थिदा सर्वांत पुढे. तिची नजर आधी खालीच गेली.

"अगंबाई! व्याही, एक बूट काढायचा राहिला वाटतं."

"बूट कुठला, विहीणबाई? पायच आहे तो. अखंड. परदेशी."

"नाडी दिसतेय की."

"वायर आहे ती. बॅटरीची."

झालं! मागचे पुढे घुसले, नवरदेवाचे मित्र उकिडवे बसून पाय न्याहाळू लागले.

"काका, भिजला तर?"

"झटका बसतो. आसपासच्यांनाही."

पुढचे दचकून मागे सरले, मागच्याच्या हातचं तबक सुटलं आणि फणस गडगडत जिना उतरला. म्हाताऱ्या भंतेंनी हळूच आपली चटई भिंतीकडे ओढली. नारीने कपाळाला हात लावला. पण सारूनला आता चेव चढला होता. इतकी वर्षं लोक त्या पायाकडे बघून नजर चुकवायचे. आज डोळे फाडून बघत होते.

"मोबाईल चार्ज होतो का हो?"

"होतो की. पण मी सगळ्यांना देत नाही."

"आणि रात्री?" थिदाचाही आवाज आता नरमला होता.

"रात्री काढून ठेवला की आपला आपण अंगणात फेरी मारून येतो. कुत्रीसुद्धा ओळखतात."

"खोटं!"

आवाज जिन्याखालून आला. चपलांच्या ढिगाशेजारी, रणरणत्या उन्हात, नवरदेवाचा सख्खा मामा उभा होता. अंगात इस्त्रीचा कोट, पायांत चकचकीत बूट.

"दादा, तू गप्प बस," थिदा पुटपुटली आणि सारूनकडे वळली. "त्याला ना... आत गुदमरतं."

मामाने पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. तोच पाय. तीच टाच.

"मलाही त्याच माणसाने दिलाय! बॅटरी असती, तर भाच्याच्या लग्नात मी इथे चपला राखत उभा राहिलो असतो का?"