कुणाचा उजवा?

पिठलं करायचं की आमटी, हे भागूमावशी देवीला विचारून ठरवत असे. मी थट्टा करत नाही. रोज सकाळी ती दोन फुलं पाण्यात बुडवून वाघजाईच्या दगडाला चिकटवायची, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि समोर उकिडवी बसून वाट बघायची. उजवं आधी पडलं तर देवीचा होकार, म्हणजे पिठलं. डावं पडलं तर नकार, म्हणजे आमटी. याला कौल लावणं म्हणतात. फूल पडेपर्यंत चूल पेटत नसे. आणि मी तिच्याकडे जेवायला असल्यामुळे माझी भूकही त्या दगडाला चिकटून बसलेली असे.

मी तेव्हा औंढ्याच्या शाळेत मास्तर होतो. बायकोमुलं तळेगावात. लढाईचे दिवस, रॉकेल मिळत नव्हतं, साखर दिसत नव्हती, आणि शाळा भरत होती पाटलांच्या गोठ्यात. अर्ध्या गोठ्यात चार इयत्ता, अर्ध्यात म्हशी. हजेरी म्हशींचीच चांगली असे. मी पाढे म्हणायला सांगितले की एखादी मधूनच हंबरायची, आणि सगळा वर्ग खिदळायचा. घसा बसायचा, पाठ धरायची. त्या काळातलं माझं काही आठवायचं म्हटलं तर आधी थकवा आठवतो, मग बाकीचं.

मावशीचं खोपट शाळेच्या कुंपणापलीकडे, आणि खोपटाच्या मागे चढावर वाघजाईची राई. गुरवाच्या घरची ही विधवा. देवीची पूजा आणि राईची राखण तिच्याकडे. राई जुनी, अंधारी. आंबा, जांभूळ, हिरडा, आणि अजगराएवढे जाड वेल. आत जायचं ते पायातलं काढून. फांदी तोडायची नाही हे ठीक, पण पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. मावशीच्या मागे इतकं लाकूड कुजत पडलेलं असायचं, आणि ही बाई गोवऱ्यांवर आणि लांबून आणलेल्या कारवीच्या काड्यांवर स्वयंपाक करायची. धुराने तिचे डोळे कायम लाल, आणि तिच्या चुलीपुढे बसून जेवणाऱ्या माझेही.

एकदा मी राईच्या कडेची एक सरळ वाळकी काठी उचलून आणली. छडीला बरी वाटली. मावशी कुंपणावरून बघत होती.

"गुर्जी, इच्यारलं का?"

हे तिचं पालुपद. गावात कोणी काही केलं की हिचा पहिला प्रश्न, इच्यारलं का?

"कुणाला विचारायचं? वाळकी काठी आहे, मावशी."

"तुमी वाळला म्हंजी कुनीबी उचलून न्यावं का तुमाला?"

माझी तेव्हाची तब्येत बघता हा प्रश्न मला झोंबला. मी काठी परत ठेवायला गेलो, तर ती मागोमाग. "हितं न्हाई, तितं व्हती." मी तिथे ठेवली. "आशी न्हाई, पालथी व्हती." काठी पालथी म्हणजे कशी हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण मी ती उलटली आणि मावशीचं समाधान झालं.

राईतल्या शेकरूशी तिचं भांडण असायचं. ते आंबे अर्धे खाऊन टाकतं म्हणून ती खालून त्याला शिव्या द्यायची आणि शेवटी म्हणायची, "खा मेल्या, तुला इच्यारायची गरज न्हाई, तू घरचाच." राईच्या पायथ्याला एक झरा होता. वैशाखात विहिरींचे तळ दिसायला लागले की सगळं गाव त्या झऱ्यावर. मावशी त्याला आईचा पान्हा म्हणायची. ती तिथेही बसून राहायची आणि हंडा उचलणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायची, इच्यारलं का? बायका हसून म्हणायच्या, व्हय मावशी, कालच इच्यारलं.

देवी म्हणजे शेंदूर फासलेला एक तांदळा. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता गोल दगड. पण गावाचं पान त्याच्या कौलाशिवाय हलत नसे. लग्नं त्यावर जुळत, बैल त्यावर घेतले जात, भाऊ त्यावर वेगळे होत. फुलं लावायची मावशीने, आणि कौल वाचायचा तोही मावशीनेच.

आणि मी? मी जे पुढे येई ते खात असे. पिठलं असो, आमटी असो, पहिल्या घासाला मी म्हणत असे, "झकास झालंय, मावशी." त्यात खरेपणा थोडा आणि सवय जास्त. पण मावशी दर वेळी हातातलं काम थांबवून विचारायची, "खरंच का?" मी म्हणायचो, खरंच. मग ती निवांत होऊन भांडी घासायला घ्यायची. मला वाटे, बाईला स्तुतीची हौस आहे.

एके दिवशी मी मुलांची कवायत घेत होतो. मुलं माझ्याकडे तोंड करून उभी. मी म्हटलं, "उजवा हात वर," आणि माझा डावा हात वर केला. मास्तरकी करणाऱ्याला हे आपोआप जमतं. मुलांनी उजवे हात वर केले, दोघांनी दोन्ही केले, एकाने म्हशीकडे केला.

कुंपणावरून आवाज आला, "गुर्जी, तुमी डावा का वर केला?"

"अहो मावशी, मुलं समोर उभी आहेत ना. समोरच्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो. म्हणून मी डावा दाखवला की त्यांचा उजवा वर होतो."

"समोर तोंड आसलं की उलटं व्हतं?"

"होणारच."

"दर बारीला?"

"दर वेळी, मावशी. त्याला कौल लावावा लागत नाही."

मी हसलो. ती हसली नाही. कुंपणाची काठी धरून उभी राहिली आणि मग आत गेली. त्या दिवशी पुढ्यात ना पिठलं आलं ना आमटी. नुसता भात आणि वर मीठ. मी मुकाट्याने जेवलो. देवीचं आणि हिचं काहीतरी बिनसलं असेल म्हटलं, आपण मध्ये पडू नये. दुसऱ्या दिवसापासून सगळं पूर्ववत सुरू झालं, फक्त "खरंच का?" हे ती दोन-दोनदा विचारू लागली.

त्याच हिवाळ्यात कोळशाचा ठेकेदार आला. लढाईमुळे कोळशाला मागणी होती, आणि घाटातली रानं भट्ट्यांत जात होती. त्याने राई बघितली आणि पाटलांच्या ओट्यावर बसून सांगितलं, "झाडं आम्हाला द्या, शाळा आम्ही बांधून देतो. दगडी भिंती, सागवानी तुळया, मंगलोरी कौलं."

आता खरं सांगतो. मला ती शाळा हवी होती. म्हशींविना एक दिवस शिकवायला मिळावं एवढीच माझी इच्छा उरली होती. पाटलांनाही गोठा परत हवा होता. गाव मात्र दोन्हीकडे मान हलवत होतं. शेवटी ठरलं, आईला विचारू. ती देईल तर देऊ.

सगळं गाव सकाळी राईत जमलं. अनवाणी, गारठलेलं. ठेकेदारही बूट हातात घेऊन उभा होता. मावशीने दगडाला स्नान घातलं, फुलं ओली करून लावली. पाटलांनी हात जोडून मोठ्यांदा विचारलं, "आई, राई देऊ का? देऊ म्हनत आसशील तर उजवा दे."

मग वाट बघणं. वर शेकरू एका फांदीवरून दुसरीवर गेलं, कोणी खोकलं. माझी नजर त्या उजव्या फुलावर होती, आणि मला नुसती मंगलोरी कौलं दिसत होती. फूल घसरलं, थबकलं, आणि पडलं.

"उजवा!" पाटील ओरडले. "आईनं दिली!"

मी सुटकेचा श्वास सोडला. लोक उठायला लागले. मावशी उठली नाही. ती दगडाकडे बघत बसली होती, आणि तिचे ओठ हलत होते. मग ती म्हणाली, "डावा."

"डोळं गेलं का भागू तुजं?" पाटील म्हणाले. "ह्ये काय, उजवं पडलंय."

"त्ये तुमचं उजवं. आई आपल्यासमोर बसलीया. तिचं त्ये डावं. आई न्हाई म्हनती."

यावर जो गलका उठला तो सांगता सोय नाही. आजवर प्रत्येक कौल मावशीने आपल्या उजव्याने वाचला होता. आता तो उलटा धरायचा तर मागचं सगळंच उलटं! एकाने बैल विकला होता तो विकायचा नव्हता. दोन भाऊ वेगळे झाले होते ते उगीचच. म्हादबा म्हणून एक गृहस्थ होता, तो बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "म्हंजी आपलं लगीन…" बायकोने त्याला पुढे बोलू दिलं नाही.

पाटील लालबुंद झाले. "इतकी वर्सं आपला उजवा धरलास की!"

"चुकलं माजं," मावशी म्हणाली. "इतकी वर्सं चुकलं."

"आन् दगडाला तोंड कुटं हाय? आई पाठमोरी बसली आसंल तर? मंग तिचा उजवा त्योच आपला उजवा!"

मला वाटलं, पाटील जिंकले. बिनतोड मुद्दा होता. मावशीने मान वर केली.

"आई लेकराकडं पाठ करून बसत न्हाई, पाटील," ती म्हणाली.

बायकांनी दगडापुढे हात जोडले, मग पुरुषांनी. पाटलांनीसुद्धा. ठेकेदाराने बूट घातले ते राईच्या आतच, आणि गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या त्याच्या अंगावर धावून गेल्या. तिथेच तो व्यवहार संपला.

मी भयंकर चिडलो होतो. बाईने सरळसरळ लबाडी केली, राई वाचवायला कौल फिरवला, आणि तेही माझ्याच कवायतीतून शिकून. आता जन्मभर म्हशी. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या ओट्यावर जेवायला बसलो तो तोंड फुगवूनच. चूल थंड होती.

"आज कौल लावला नाही वाटतं?" मी खवचटपणे विचारलं.

"न्हाई. आता न्हाई लावायची कंदी."

ती खांबाला टेकून बसली. राईकडे बघत बोलू लागली.

"मला लेक व्हती, गुर्जी. ठकी. तिला ताप आलता. मालक म्हनलं, लोनावळ्याला डाक्तरकडं न्हिऊ. म्या म्हनलं, आईला इच्यारते. न्हिऊ का म्हनून कौल लावला. तर डावं फूल पडलं. आपलं डावं. म्या म्हनलं, आई नको म्हनती. न्हाई न्हेली. ठकी गेली."

मी पुढ्यातलं रिकामं ताट बाजूला सरकवलं.

"मालकबी मागनं गेलं. पर म्या म्हनायची, आईची मर्जी व्हती, आपुन ऐकली. मंग रोज इच्यारायला लागले. पिठलं करू का, ह्ये करू का. माजं वाचनं बरुबर हाय का, त्ये बघायला. तुमी जेवताना म्हनायचं, झकास झालंय. की वाटायचं, बरुबर हाय. आईनं नकोच म्हनलं व्हतं." तिने पदराने नाक पुसलं. "मंग तुमी त्यो हात वर केला."

समोरच्याचा उजवा आपल्या डाव्या हाताला. दर वेळी, मावशी.

"तरीबी म्या आपलाच उजवा धरत ऱ्हायले. काय करनार? पर काल राई जायला लागली. इतकी झाडं, त्ये शेकरू, त्यो पान्हा. माज्या एकटीचं समाधान ऱ्हावं म्हनून त्ये समदं भट्टीत घालू का? म्हनून खरं बोलले." तिने माझ्याकडे बघितलं. "ठकीला न्हे म्हनलं व्हतं आईनं. मलाच उलटं दिसलं, गुर्जी."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. फूल म्हणजे फूल, ते पाणी सुटलं की पडतं, त्यात तुझा दोष नाही, लोणावळ्याला नेऊनही पोरगी जगली असती असं थोडंच आहे. मास्तर माणूस, शब्दांना तोटा नव्हता. पण तिच्याकडे बघून यातलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडेना. मला रडू आलं होतं, आणि ते धुरावर ढकलावं म्हटलं तर चूलही पेटलेली नव्हती.

ती उठली. गोवऱ्या काढल्या. मग दारात थांबली, आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "पिठलं करू का आमटी?"

"पिठलं," मी म्हणालो.

पिठलं आलं. गाठी झालेल्या होत्या आणि मीठ मुळीच नव्हतं. मी पहिला घास घेतला आणि सवयीने म्हणालो, "झकास झालंय, मावशी."

"मीठ इसरले म्या," ती म्हणाली. "आता नका म्हनू तसं."

मीठ घ्यायला मी हात पुढे केला नाही. तसंच अळणी पिठलं शेवटपर्यंत खाल्लं, आणि ताट बोटांनी पुसून अजून थोडं मागितलं.