सावंतांची प्रोसेस

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सावंत चहा असा मागवतात: "साखर इज इक्वल टू कमी, आलं इज इक्वल टू भरपूर, कप इज इक्वल टू मोठा." कॅन्टीनवाल्याने एकदा विचारलं, साहेब, चहा देऊ की उत्तर काढून देऊ?

सावंत पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहितात आणि दर महिन्याला सगळ्या शाखांचे अहवाल काढतात. फंक्शनला, म्हणजे प्रोग्राममधल्या एकेक काम करणाऱ्या तुकड्याला, माहिती द्यायची तर नुसती रांगेने नाही, प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन, महिना इज इक्वल टू अमुक, शाखा इज इक्वल टू तमुक, हा त्यांचा धर्म. आमच्या टीममधल्या प्राचीने एकदा नावं गाळली, महिन्याच्या जागी शाखेचा नंबर गेला आणि दहिसरचा अहवाल चौदाव्या महिन्याचा निघाला. त्यावर सावंतांनी आठवडाभर कीर्तन केलं.

पुढे त्यांना वेगाचं खूळ लागलं. अहवाल एकामागून एक निघत, सकाळ खलास व्हायची. लग्नाच्या स्वयंपाकाला चार शेगड्या पेटवाव्यात तशा त्यांनी वेगवेगळ्या प्रोसेस, म्हणजे त्याच प्रोग्रामच्या स्वतंत्र प्रती, एकदम चालवल्या. पण काम वाटणारी यंत्रणा फंक्शनच्या हातात एकच वस्तू टेकवायची, नावं घ्यायचीच नाही. सावंतांनी दोन दिवस जेवणाचा डबा उघडला नाही. शेवटी नावं फंक्शनला आधीच जोडून दिली आणि अहवाल पहिल्या चहाच्या आत तयार.

मग प्रवचन सुरू. "प्रोसेस एकमेकींशी अक्षर बोलत नाहीत, म्हणून कामं होतात. शिका जरा." हे ते माझ्या खुर्चीची पाठ धरून तासभर सांगत. मशीनचा वाचवलेला वेळ असा आमच्या डोक्यावर खर्च व्हायचा.

साहेब मात्र खूश. म्हणाले, एवढं पटकन होतंय तर ऑफिसला येताच कशाला, चारकोपला घरी बसूनच चालवा. सावंतांचा चेहरा उतरला. आम्ही मनातल्या मनात पेढे वाटले.

पुढच्याच महिन्यात अहवाल पुन्हा दुपारपर्यंत रखडले. साहेब वैतागले, घरून काम रद्द, इथेच बसून लक्ष ठेवा म्हणाले. सावंतांचा प्रोग्राम बिघडतो म्हणजे काय, म्हणून मी तो उघडून बघितला. एका वेळी किती प्रोसेस चालवायच्या, तिथे आता फक्त 'एक' हा आकडा होता. म्हणजे सगळं पुन्हा एकामागून एक.

"सावंत, हे तुम्हीच केलंत?"

त्यांनी आधी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. "बायको गेली, मुलगी बंगलोरला. घरी कुरियरवाला आला तरी मी त्याला पाणी विचारतो रे, दोन शब्द बोलेल म्हणून. साहेबांना सांगू नकोस."

मी फाईल बंद केली, बाजूची खुर्ची ओढली आणि म्हटलं, "बसा. ती नावं फंक्शनला कशी जोडलीत, मला नीट कळलं नव्हतं."

ते मला चांगलं कळलं होतं.